कमी आवाजाचं मशीन

"आवाज किती करतं हे?" मी विचारलं.

दुकानदाराची मान एकदम वर झाली. कॉफीच्या मशीनच्या दुकानात लोक काय काय विचारतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं. दाब किती, टाकीत पाणी किती मावतं, तापायला वेळ किती लागतो, दुधाला फेस येतो का. आवाजाचं कुणी विचारत नसावं.

"बाई, कॉफीचं विचारा की काहीतरी," तो म्हणाला.

"कॉफीचं हा विचारेल," मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "मला आवाजाचं सांगा."

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या दुकानदारासारखे माझ्याकडे बघत बसाल.

माझा नवरा रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतो. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की लोक जो नंबर फिरवतात त्याच्या पलीकडचा माणूस तो. आणि आमची लेक पाळण्यात होती तेव्हापासून तो रात्रपाळीच करत आलाय. दिवसपाळीच्या जागा मोजक्या आणि मागणारे ढीगभर. त्यामुळे सगळं जग उठून कामाला लागलं की आमच्या घरात झोपायची वेळ व्हायची. लेकीने लहानपणीच त्याचं नाव 'घुबडराव' ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

घुबडराव झोपलेले असताना घर चालवायचं म्हणजे काय, हे ज्याने चालवलंय त्यालाच कळेल. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे. कप ओट्यावर नाही, फडक्यावर ठेवायचे. मिक्सर लावायचा तर तो टॉवेलात बांधून न्हाणीघरात न्यायचा आणि दार लावून, श्वास रोखून बटण दाबायचं. बेल तर आम्ही कधीच काढून टाकली. लेक इतकी दबक्या पावलांनी वाढली की तिचं नाव मांजर पडलं, आणि शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, पोरीच्या घशाला काही झालंय का? भांडणंसुद्धा आम्ही कुजबुजत केली. कुजबुजत भांडून बघा एकदा. सगळा राग नाकातून निघतो आणि समोरच्याला वाटतं बोलणाऱ्याला सर्दी झालीय.

मी मुळात अशी नाही हो. दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते आणि तिथे माझा आवाज असा लागतो की दाढ दुखणारा माणूस दुखणं विसरून उठून उभा राहतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुम्ही असताना भूल द्यायची गरज नाही. पण घराचा उंबरा ओलांडला की माझ्या गळ्याचं बटण आपोआप खाली व्हायचं. मी दाबायचे नाही, ते व्हायचं.

आणि मग गेल्या महिन्यात त्याच्या ऑफिसात दिवसपाळीची एक जागा रिकामी झाली. साहेबीणबाईंनी त्याला सांगितलं, महिनाभर करून बघ, मग हो की नाही ते कळव. हो म्हटलंस तर कायमचं. महिना संपल्यावरच्या सोमवारी सकाळी नऊला येऊन समोर सांगायचं. नऊपर्यंत आला नाहीस तर रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा. रात्रपाळीतल्या सोबत्यांनी त्याला निरोप म्हणून कॉफी दळायची एक हाताची दळणी दिली. लाकडी मुठीची, छान जड.

मला त्याने हो म्हणायला हवं होतं. सरळ सांगते. माझ्या लग्नाचा नवरा मला जागा हवा होता. सकाळी माझ्यासमोर बसलेला, डोळे उघडे असलेला, बाहेरच्या उजेडात. म्हातारपणी तरी. पण हे त्याला तोंडाने सांगायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. झोपलेल्या माणसाला काय सांगणार, आणि उठला की तो बूट घालायचा.

महिना सुरू झाला आणि सगळं उलटंच झालं. त्याला रात्री झोप येईना. इतक्या वर्षांची सवय, शरीर ऐकेल कसं? डोळ्याला डोळा न लागता पहाट व्हायची, तसाच तो तोंड धुऊन कामावर जायचा, आणि संध्याकाळी घरी आला की पायाला भिंगरी लावल्यासारखा या खोलीतून त्या खोलीत. हातात ती दळणी. बिया असोत नसोत, मूठ फिरवत चालायचा. खिडकीपाशी जायचा, परत यायचा, फ्रिज उघडायचा, बंद करायचा.

"काय शोधतोयस?" मी विचारायचे.

"काही नाही."

मलाही पलंगावर शेजारी माणूस असायची सवय नव्हती. मी मधोमध पसरून झोपणारी बाई. आता भिंतीला चिकटून पडायचे आणि त्याचं कूस बदलणं मोजत राहायचे. दवाखान्यात एका पेशंटला मी दुसऱ्याच्या दाताची वेळ दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "ठीक आहे, नवरा जागा आहे." त्या हसत सुटल्या. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

त्यातच मशीनचं खूळ निघालं. दळणी मिळाली, आता तिला साजेसं मशीन हवं. डॉक्टरीणबाईंच्या घरी बटण दाबलं की कप भरणारं यंत्र आहे. मी ते सुचवलं तर घुबडराव भडकले. कुजबुजत.

"बटणाचं मशीन ऑफिसात आहे," तो म्हणाला. "रात्रभर त्यातलं काळं पाणी पीत आलोय. मला अर्धं आपल्या हाताचं हवं. दांड्याच्या वाटीत भुकटी आपण भरायची, दाबून बसवायची, दांडा आपण मशीनला अडकवायचा. पाणी त्यानं तापवायचं आणि ढकलायचं, बस्स. बाकी आपण."

"एवढा खटाटोप कशाला? एका कपासाठी?"

त्याने दळणीची मूठ फिरवली. मग म्हणाला, "फोनवर मी सगळं सांगतो. छाती अशी दाबा, मान अशी वळवा, गाडी निघालीय. मग गाडी पोचते आणि फोन बंद. पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. यात कळतं. कपात दिसतं. चुकलं की चुकलेलं दिसतं, जमलं की जमलेलं."

म्हटलं, घे मग तसलंच.

पण घेईल तर शपथ! रोज संध्याकाळी फोनवर मशीनांचे व्हिडिओ बघायचा, तेसुद्धा आवाज पूर्ण बंद करून. आमच्या घरात दुसरं कसं बघणार? माणूस दोन्ही हात हलवून काहीतरी समजावतोय, धार पडतेय, वाफ निघतेय आणि सगळं मुकं. एका बॉयलरचं घ्यावं की दोन? एका बॉयलरचं असेल तर कॉफी काढून झाल्यावर दूध फेसाळायच्या वाफेसाठी पुन्हा तापेपर्यंत थांबावं लागतं. दोनाचं असेल तर ओट्यावर दुसरं काही ठेवायला जागा उरत नाही. खोक्यावर दाबाचा मोठा आकडा छापलेला असतो तो नुसता दिखावा म्हणे. वरच्या कपाटाखाली टाकी उचलायला हात शिरेल का? त्याने टेप घेऊन ओटा मापला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मापला. जणू रात्रीत ओटा वाढणार होता.

एक मशीन पसंत पडलं की दुसऱ्या दिवशी त्याच्यात खोट निघायची. शेवटी शेवटी माझं डोकं फिरलं. कारण मला दिसत होतं की हे मशीनचं नाहीच आहे. सोमवार जवळ येत होता आणि त्या सोमवारबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता.

"शनिवारी दुकानात जायचं," मी म्हटलं. "बघायचं, घ्यायचं, विषय संपवायचा. आणि सोमवारचं काय?"

"बघू," तो म्हणाला आणि दळणीची मूठ फिरवायला लागला.

तर असे आम्ही त्या दुकानात.

दुकानदार गोलमटोल, बोलका, कपाळावर चष्मा चढवलेला. त्याने दोन मशीनं पुढे ओढली. एक लहानसं, चौकोनी, पत्र्याचं. दुसरं मोठं, गुळगुळीत आणि चांगलंच जड.

"हे लहान," तो म्हणाला, "एका बॉयलरचं, साधं, टिकाऊ. पंप थरथरणारा आहे, म्हणून जरा गुरगुरतं. हे मोठं, याचा पंप फिरणारा. जवळ उभं राहिलात तरी कळत नाही चालू आहे ते. कामाला दोन्ही चोख. करून बघा ना साहेब."

घुबडरावांनी बाह्या वर केल्या. लहान मशीनचा दांडा हातात घेतला, भुकटी भरली, दाबली, अडकवला, बटण दाबलं. आणि काय सांगू, असा आवाज झाला! घर्रर्र करून सगळं टेबल थरथरलं, कप बशीवर नाचायला लागले. कॉफी तर धो धो वाहून गेली, पिवळट, पाणचट.

"दाबायला कमी पडलं," दुकानदार म्हणाला. "घाबरू नका, जोर लावा."

दुसऱ्यांदा त्याने जोर लावला. पुन्हा तो घर्रर्र. पण या वेळी क्षणभर काहीच आलं नाही, मग दांड्याखालून एक बारीक, दाट, तपकिरी धार उतरली. घुबडराव वाकून त्या धारेकडे बघत होते. आणि एकदम हसले. मोठ्यांदा. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी माझ्या नवऱ्याचं असं हसणं कधी ऐकलंय ते मला आठवेना, आणि मी काय केलं असेल? त्या गुरगुरणाऱ्या मशीनवर दोन्ही हात दाबून धरले आणि म्हटलं, "शूऽऽ!"

सगळं दुकान हसलं. मीही हसले. चेहरा मात्र तापला होता.

"हे नको," मी घाईघाईने म्हटलं. "ते शांतवालं द्या. मोठं."

"पण साहेबांचा हात यावर बसला," दुकानदार म्हणाला. "आणि तुमच्या ओट्याला हेच—"

"नाही हो, हे कसं चालेल? सकाळी हा झोपलेला असताना मी कॉफी करायची म्हटली तर?"

बोलून गेले. मला कळलंसुद्धा नाही काय बोलले ते. कळलं ते त्याच्या चेहऱ्याकडे बघून. हातातला कप त्याने अलगद खाली ठेवला, अगदी आमच्या घरातल्यासारखा, जराही आवाज न होऊ देता.

"हिला हवं तेच द्या," तो म्हणाला.

टॅक्सीत खोकं आमच्या दोघांच्या मध्ये बसलं. त्याच्या वरून मला फक्त नवऱ्याचे केस दिसत होते. मी दोनदा विषय काढला, त्याने दोनदा "हं" केलं. घरी येऊन खोकं स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं आणि हा खिडकीशी जाऊन उभा.

"उघडायचं नाही?" मी विचारलं.

"उघड ना."

"मी कशाला उघडू? डोकं खाल्लंस महिनाभर! टेप लावून ओटा मापलास! आता आणलंय तर तोंड फिरवून उभा!"

हे सगळं मी कुजबुजत बोलले, बरं का. भर दुपारी, दोघंही टक्क जागे असताना.

तो वळला. "ऐकलंस?" तो म्हणाला. "अजून तू माझ्यासमोर कुजबुजतेस. महिनाभर घरात जागा आहे मी. चप्पल हातात घेऊन चालतेस. मी खोलीत आलो की तू भिंतीला लागतेस. आणि मशीनसुद्धा घेतलंस ते मी झोपल्यावर वापरायला."

"तसं नाही—"

"तुझंही बरोबर आहे. या घराची घडी तुझी बसलेली आहे. दिवसा मी त्यात कधी नव्हतोच. जागा माणूस मध्ये मध्ये येतो, झोपलेला येत नाही." तो हे चिडून बोलला असता तर मला झेपलं असतं. तो अगदी त्याच्या फोनवरच्या आवाजात बोलत होता, शांत, एकेक शब्द सुटा. "रात्रपाळीत मला काय करायचं ते माहीत असतं. इथे मी नुसता फेऱ्या मारतो."

"मग सोमवारी नाही म्हणणार तू?"

"मुद्दाम नाही म्हणायला जाणार नाही. जाग आली तर जाईन. नाही आली तर नाही."

जाग आली तर! महिनाभर तो वेळेवर गेला कारण तो झोपलाच नव्हता. गजर असा आमच्या घरात कधी वाजलाच नाही. मला ओरडून सांगायचं होतं की अरे, मला तू हवायस, जागा हवायस, मध्ये मध्ये यायला हवायस! तोंड उघडलं तर बाहेर पडली ती नुसती हवा. तो तोवर चपला घालून खाली फिरायला निघून गेलासुद्धा.

रविवारी सकाळी तो पुन्हा बाहेर पडला. मी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात शिकते, वसतिगृहात राहते. सगळं सांगितलं.

"आई," मांजर म्हणाली, "इथे मी खोलीत शिरले की मुली किंचाळतात. म्हणतात, भुतासारखी येतेस. मी अजून कडीला आधी बोट लावते आणि मग दार ओढते."

"माझंच चुकलं का गं?"

"चुकलं कुठे, बाबा झोपायचे ना. पण आता ते झोपलेले नाहीत आणि तू त्यांना झोपवूनच ठेवलंयस. खरं सांगू? तू बाबांना हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाहीये. या खोलीतून त्या खोलीत मारतात तशी. मैत्रिणींच्या घरी गेले की त्यांच्या आया अशा कोकलतात, मला आधी वाटायचं आग लागलीय."

"बरं, बरं. शहाणी झालीस."

"ते मशीन बदलून आण आधी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खोकं परत टॅक्सीत घातलं. म्हणजे टॅक्सीवाल्याला घालायला लावलं आणि तो कुरकुरला तेव्हा त्याला माझा दवाखान्यातला आवाज ऐकवला. दुकानदार नुकताच शटर वर करत होता.

"काय झालं बाई? आवाज करतंय का?"

"नाही करत. तेच झालंय. ते गुरगुरणारं द्या."

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "काल तुम्ही—"

"काल मी मूर्ख होते. ते कप नाचवणारं द्या. आणि त्याच्याहून जास्त आवाज करणारं असेल तर तेही दाखवा."

"इतकी वर्षं दुकान चालवतोय," तो खोकं उलट घेत म्हणाला, "आवाज जास्त हवा म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही." पण माणूस भला. पैशांचं बघून घेतलं, वर मला दोनदा भुकटी दाबून दाखवली, माझ्या हाताने करवून घेतली. "मनगट सरळ ठेवा, खांद्यातून जोर येऊ द्या," म्हणाला. "पाहुणे यायचेत का?"

"हो," मी म्हटलं. "आले तर."

लहान मशीन ओट्यावर बरोबर बसलं, वर टाकी उचलायला जागाही राहिली. मी त्यात पाणी भरलं आणि सवयीने त्याच्यावर टॉवेल टाकला. घुबडराव परत आले ते दिवस मावळताना, चालून चालून पाय ओढत. स्वयंपाकघराच्या दारातच उभ्याने सूप प्यायले. टॉवेलाखाली काय आहे ते त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या लेखी ते कालचं मोठं मशीनच होतं. मी सांगायला गेले, आणि पुन्हा तेच, नुसती हवा. म्हटलं, सकाळी.

आणि सकाळी तो झोपला होता.

असा गाढ, की महिनाभराची उधारी एकदम फेडत असावा. तोंड उशीत, एक हात पलंगाखाली लोंबतोय, पडद्याच्या फटीतून ऊन सरळ कानावर पडलंय तरी हालचाल नाही. मी उठले, आणि माझे पाय आपणहून चवड्यांवर गेले. कपाट मी बोटाने धरून उघडलं. नळाखाली फडकं ठेवलं म्हणजे धार वाजायला नको. मग थांबले. अगं बाई, करतेयस काय तू हे?

खोलीच्या दारात येऊन उभी राहिले. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. त्याच्या ऑफिसला पोचायचं तर आता उठायलाच हवं होतं. फक्त हाक मारायची होती. साधी हाक. बायका नवऱ्यांना दिवसातून किती वेळा मारतात. मी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि काही नाही! एक "अ" सुद्धा नाही. पलंगाजवळ जाऊन हात पुढे केला, तो पांघरुणाच्या वर अधांतरीच राहिला. त्याला उठवायचं नाही, हे माझ्या हाडांत मुरलेलं. त्याच्या झोपेची राखण करणं हाच तर माझा संसार होता. मला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. टॉवेल ओढून फेकला. दळणीत बिया टाकल्या आणि मूठ गरागरा फिरवली. भुकटी दांड्यात भरली, मनगट सरळ, खांद्यातून जोर, दाबली. दांडा अडकवला, खाली कप ठेवला. थेट मशीनच्या जाळीवर, खाली फडकं नाही. दिवा लागला. बोट बटणावर ठेवलं.

दाबलं.

घर्रर्रर्र! दुकानात होता त्याच्या दुप्पट वाटला तो आवाज. ओटा थरथरला, मांडणीतल्या बशा किणकिणल्या, कपात चमचा होता तो वाजायला लागला. मी हात मागे घेतला नाही. धार संपली तसा दांडा काढला आणि चोथा पाडायला कचऱ्याच्या डब्यावर आपटला. ठाक! पडला होता, तरी पुन्हा आपटला. ठाक! ठाक! वाफेचं बटण दाबलं आणि तापेपर्यंत आपटतच राहिले. मग वाफेची नळी उघडली, ती किंचाळली. आणि त्या किंचाळण्याच्या पाठोपाठ, कसा कोण जाणे, माझाही आवाज निघाला.

"अरे ऊठ! ऊठ की रे! किती वाजले बघ! जायचंय ना तुला!"

पलीकडच्या खोलीत धप्पकन काहीतरी पडलं. मग अनवाणी पावलं धावत आली. घुबडराव दारात, केस उभे, डोळे अजून मिटलेले, आणि तोंडातून आपोआप तेच निघालं जे इतकी वर्षं रात्रभर निघत आलं होतं.

"बोला, काय झालंय? पत्ता सांगा."

मी वाफ बंद केली. घर एकदम गप्प झालं.

"पत्ता हाच," मी म्हटलं. मोठ्यांदा, माझ्या दवाखान्यातल्या आवाजात. "बाई घरात एकटी आहे. खूप वर्षं झाली. कुणाला तरी पाठवा. दिवसाचं."

त्याचे डोळे उघडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या लहान, चौकोनी, पत्र्याच्या मशीनकडे, मग जमिनीवर पडलेल्या टॉवेलकडे.

"हे कधी बदललंस?" तो म्हणाला.

"काल. पी आधी. गार होतेय."

त्याने कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू झालीय. फार दाबलंस."

"मग तू करत जा! मला काय येतंय!" मी ओरडले. ओरडता येत होतं तर थांबावंसंच वाटेना. "शर्ट खुर्चीवर आहे! तोंड धू! साबण संपलाय, नवा काढ!"

तो तोंड धुताना नळ धो धो सोडून धूत होता. बाहेर आला तो शर्टाची बटणं लावत. दारापाशी बूट घातले आणि कडीला हात लावून थांबला. कडीवरची चिंधी त्याने सोडायला घेतली. गाठ जुनी, घट्ट बसलेली, नखाने सुटेना. त्याने दातांनी सोडली. चिंधी माझ्या हातात ठेवली.

"संध्याकाळी येताना दूध आणतो," तो म्हणाला. "उद्या सकाळची मी करेन. बघून ठेव, किती दाबायचं ते."

मग बाहेर जाऊन त्याने दार आपटलं. असं आपटलं की मांडणीतली एक बशी खाली आली आणि फुटली, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं हो?

"काही नाही!" मी खिडकीतून ओरडून सांगितलं. "नवरा कामाला गेला!"